पाऊण तास मान खाली

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा बोलावलं शाळेने. पुन्हा तेच वाक्य — "तिचं लक्ष नसतं."

वर्गबाई खुर्चीत, आणि मला बसवलं मुलांच्या बाकावर. गुडघे पार हनुवटीपर्यंत! चाळिशी आली तरी शिक्षा काही चुकत नाही. "हुशार आहे हो," म्हणाल्या, "पण दोन मिनिटं एका जागी डोकं ठेवेल तर शपथ. गणित चालू असतं आणि ही खिडकीबाहेर. खिडकीतून छताकडे, छताकडून पुढच्या मुलीच्या वेणीकडे. मध्येच गुणगुणते. हाक मारली की दचकते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू." बाईंनी वहीत रेघा मारून ठेवल्यात. एका तासात किती वेळा मान वर केली त्याच्या. सेहेचाळीस! म्हणजे बाईंचं लक्ष मात्र छान आहे.

वार्षिक परीक्षेत फरक दिसला नाही तर पुढच्या वर्षी वेगळा वर्ग. वेगळा वर्ग म्हणजे जिन्याखालची खोली. मी पाहिलीय ती. आठ मुलं, एक रंगखडूंचा डबा, आणि दारावर कागदी फुलं चिकटवलेली. फुलं चिकटवली की झालं!

मी म्हटलं, "बाई, तिला आजार आहे."

"झोपेतला ना? तुम्हीच लिहून दिलंय — जागेपणी काही त्रास नाही." फॉर्म पुढे सरकवला. माझंच अक्षर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रागाने झोप नाही. तशी ती एरवी तरी कुठे असते!

नऊ वर्षं झाली. जन्मली तेव्हा रडताना गुलाबी आणि झोपली की निळी. दवाखान्यात आधी वाटलं हृदय, मग फुप्फुस. तिसऱ्या आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "हिच्या मेंदूला श्वासाची आठवण राहत नाही. जागी आहे तोवर घेते. झोपली की विसरते." लाखांत एखाद्याला होतं म्हणे. लाखांत आमचाच नंबर लागायचा होता. सहा वर्षं गळ्याला भोक आणि त्यात नळी, आता नाकावर मुखवटा आणि उशाशी मशीन. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, आकडा खाली गेला की भोंगा. घरात रोज कुणीतरी जागं लागतं. अर्धी रात्र नवरा, अर्धी मी. गोदामातली नोकरी सांभाळून तो बिचारा करतो — हे मी इथे लिहिते, त्याला सांगत नाही.

सगळे तिला भिंगरी म्हणतात. चालताना फिरणार, जेवताना फिरणार. नाव मीच ठेवलं, हौसेने. आता त्याच नावाची तक्रार येते.

नवऱ्याला शाळेचं सांगितलं. म्हणाला, "असू दे ना वेगळा वर्ग. पोर जिवंत आहे, हे पुरत नाही का तुला?"

मी म्हटलं, "तुला पुरत असेल. तुमच्याकडे सगळ्यांना थोडक्यातच पुरतं."

झालं. तिथून जे सुरू झालं ते त्याच्या आईपासून माझ्या भावापर्यंत, लग्नातल्या मानपानापासून काल सांडलेल्या दुधापर्यंत. हा आजार कुणाच्या घराण्यातून आला यावर तर आमचा हातखंडा आहे. नऊ वर्षांत एकदाही निकाल लागला नाही! भिंगरी आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. तिने रेडिओचा आवाज मोठा केला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत लिहितेय, दुकानाच्या मागच्या खोलीत. हात अजून ओले आहेत.

आमच्या दुकानात पुढे चष्मे विकतात, मागे आम्ही दोघं काचा घासतो, मी आणि काका. काका म्हणजे कुणाचेच काका नाहीत, चाळीस वर्षं या टेबलावर आहेत म्हणून काका. चाकावर पाणी सुटलेलं, त्यावर काच धरायची, फ्रेमच्या आकाराला आणायची. बुबुळासमोर काचेचा मधला ठिपका आला पाहिजे. केसभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि शिव्या डॉक्टरला पडतात. सोळा वर्षांत माझ्या हातून तीन काचा वाया गेल्या. फक्त तीन! लक्ष म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

मला काकांनीच शिकवलं होतं. एक काच, एक तास, मान वर करायची नाही. मान वर केली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात मी रडले होते. महिन्याभरात जमलं.

आज काकांना विचारलं, "नऊ वर्षांच्या पोरीला जमेल?"

"लक्ष काय, सवयीने बसतं," म्हणाले. मग चष्म्यावरून बघितलं. "पण तू तेवीस वर्षांची होतीस. आणि तुला नोकरी हवी होती."

तिलाही काहीतरी हवंच आहे. जिन्याखालची खोली नको असणं, हेही हवंच असणं झालं की.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुरू केलं. जेवणाचं टेबल, भिंतीकडे तोंड, खिडकीला पाठ. स्वयंपाकघरातलं मिनिटं लावून ठेवायचं, टिकटिक करणारं घड्याळ समोर. नियम एकच — मान वर केली की काटा पुन्हा शून्यावर. मी शेजारी बसून, बोलायचं नाही, फक्त टेबलावर बोटाने टकटक.

आज सगळ्यात जास्त चार मिनिटं. तेवढ्यात छत, दरवाजा, माझं कानातलं, स्वतःचं कोपर. टकटक, टकटक. शेवटी म्हणाली, "आई, मला एकदाच खिडकीकडे बघू दे ना."

"का? काय आहे तिथे?"

"काही नाही. नुसतं."

नुसतं म्हणे! काटा शून्यावर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सात मिनिटं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अकरा. पाय हलवणं बंद केलं. खुर्चीच्या पायाला दोन्ही पावलं टेकवून ठेवायची, असं सांगितलं. गुणगुणणंही बंद. ते फार जड गेलं तिला. आपण गुणगुणतोय हे तिच्या गावीच नसतं. ओठांवर बोट ठेवून ठेवून आज शेवटी तोंड मिटून बसली.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "शाळा आहे की तुरुंग?" म्हणाला.

मी म्हटलं, "तू बसव मग." तो गेला. बसवायची वेळ आली की सगळे जातात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पंधरा. आज अजिबात रडली नाही. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा, घड्याळ वाजल्यावर.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पंचवीस मिनिटं! वर्गातला एक तास म्हणजे पस्तीस. जवळ आलोय.

आता नवीन नाटकं. डोकं दुखतं. बोटं गार पडतात. आणि अभ्यास झाला की लगेच जांभया. आज म्हणाली, अक्षरं करडी दिसतात. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या आईला हे सांगायचं! दुपारी दुकानात नेलं, पुढे बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नंबर शून्य, डोळे ठणठणीत. येताना मी चांगलंच सुनावलं — "खोटं बोलायचं तर निदान मला पकडता येणार नाही असं बोल."

रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत होती, मोठ्याने, एकेक. फिरत, थांबत, उड्या मारत. रस्त्यावर अक्षरं कशी काय छान दिसतात?

शनिवार, १ मार्च

चाळीस मिनिटं. चाळीस!

कुणाला सांगू? इथे लिहिते. टेबलावर दिवा, तिची मान खाली, पेन्सिलचा आवाज, बाकी काही नाही. नवरा लवकर आला तर चपला हातात घेऊन आत जातो. आवाज नको म्हणून आम्ही दोघं हल्ली खुणांनीच बोलतो, आणि खुणांनी कुणाला टोमणा मारता येत नाही. आज त्याने मला चहा आणून दिला. कपाखाली बशीसुद्धा होती. "बरं वाटतं असं घर," असं हळूच म्हणाला.

मी नऊ वर्षांत पहिल्यांदा जिंकतेय. कुणाविरुद्ध, ते माहीत नाही.

गुरुवार, ६ मार्च

वर्गबाईंची चिठ्ठी. "उल्लेखनीय सुधारणा. वर्गात आता एकाग्र असते. घरी आपण घेत असलेल्या मेहनतीबद्दल आभार."

तीन वेळा वाचली. मग सासूबाईंना फोन करून वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडची बुद्धी आहेच ती." घ्या! आजार माझ्याकडचा, बुद्धी त्यांच्याकडची.

बुधवार, १२ मार्च

पाऊण तास. मान खाली. एकदाही नाही वर.

सोमवार, १७ मार्च

उद्या गणिताचा पेपर. दोन तास. तिला म्हटलं, "पाऊण तासाचे तुकडे कर. मध्ये पाणी पी आणि पुन्हा मान खाली." शहाण्यासारखी मान हलवली. मग म्हणाली, "आणि मधेच उठावंसं वाटलं तर?"

"नाही उठायचं."

"बरं."

बुधवार, १९ मार्च

लिहवत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दवाखाना. तिसऱ्या मजल्यावरचा ओळखीचा वॉर्ड. भिंतीचा रंग बदललाय, खुर्च्या त्याच.

झालं ते असं. मंगळवारी पेपर सुरू झाला. वर्गबाई सांगतात, सगळ्या वर्गात सगळ्यात स्थिर भिंगरी. मुलं इकडेतिकडे बघतात, खोडरबर मागतात, ही हलत नाही. बाईंना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी शेजारच्या वर्गातल्या बाईंना दारातून दाखवलं — बघा, हीच ती मुलगी. सव्वा तासाने पाणी वाटायला शिपाईण आली. हिच्या बाकावर पेला ठेवला. हिने हात पुढे केला नाही. पेन्सिल बोटांत होती, मान खाली होती, आणि ओठ शाईसारखे.

बाईंनी हलवलं, हाका मारल्या, गालावर मारलं. तेव्हा एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा बंद. शाळेत कुणाला काय माहीत! मी लिहून दिलं होतं ना — जागेपणी काही त्रास नाही. शिपाईणबाईने तोंडाला तोंड लावून श्वास दिला. तिचा भाऊ पोहण्याच्या तलावावर कामाला आहे, त्याने एकदा घरात सगळ्यांना शिकवलं होतं. एवढ्याशा गोष्टीवर माझी पोर आज आहे. डॉक्टरांवर नाही, वर्गबाईंवर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. पेले वाटणाऱ्या बाईच्या भावावर.

फोन आला तेव्हा चाकावर काच धरलेली होती. मी काच नीट खाली ठेवली, चाक बंद केलं, पाणी बंद केलं, मग धावले. पाणी बंद केलं! हे मला राहून राहून आठवतं. इतकं कसलं लक्ष माझं?

काल शुद्धीवर आली. आज भात खाल्ला. पहिला प्रश्न — "माझा पेपर घेतला का?"

रविवार, २३ मार्च

आज तपासणी केली. हे सगळं नीट लिहून ठेवायचंय, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलाशी बसवलं. बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, समोर गोष्टीचं पुस्तक. पडदा आमच्याकडे वळवलेला. नवरा आणि मी मागे उभे. "वाच बाळ, मनातल्या मनात," बाई म्हणाल्या. "घरी जशी वाचतेस तशी."

घरी जशी वाचते तशी! पावलं खुर्चीच्या पायाला टेकवली. तोंड मिटलं. मान खाली. मी शिकवलेली बैठक, तंतोतंत.

सत्त्याण्णव. पंच्याण्णव. पान उलटलं. एक्क्याण्णव. मला वाटलं मशीन बिघडलंय. अठ्ठ्याऐंशी. पाठ हलेना. मी तिच्या फ्रॉकच्या मागच्या बटणाकडे बघत होते. बटण वरखाली होत नव्हतं. पंच्याऐंशी. "थांबवा ना!" मी म्हटलं. बाईंनी हात वर केला. ब्याऐंशी. मग अगदी सहज आवाजात त्या म्हणाल्या, "खिडकीबाहेर काय दिसतंय गं?"

भिंगरीने मान वर केली. "एक माणूस गच्चीवर गाद्या झटकतोय," म्हणाली. "त्याची टोपी पडली. अय्या, पुन्हा पडली!"

सत्त्याऐंशी. ब्याण्णव. शहाण्णव.

बाईंनी आम्हाला बाहेर नेलं. पाण्याच्या पिंपाजवळ उभं राहून सांगितलं. आवाज न चढवता, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्ही-आम्ही लक्ष देतो तेव्हा श्वास आपला आपण चालतो. हिला दोन्ही स्वतःच चालवावं लागतं. एकात बुडाली की दुसरं हातचं सुटतं. हलणं, बोलणं, गुणगुणणं, इकडेतिकडे बघणं, यातून तिचा श्वास चालू राहतो. न शिकवता तिने शोधून काढलेला उपाय आहे तो."

"म्हणजे तिचं लक्ष चांगलं आहे?" नवऱ्याने विचारलं. किती आशेने विचारलं!

"अगदी तसंही नाही. लहानपणी झोपेत कितीदा प्राणवायू कमी पडलाय हिला. लक्ष धरून ठेवणारा मेंदूचा भाग फार नाजूक असतो, त्याला ते सोसत नाही. या आजाराच्या बऱ्याच मुलांना ही अडचण येते. त्यात दिवसाही कमी पडायला लागलं की डोकं दुखतं, झोप येते, दिसायला धूसर होतं. लक्ष मग आणखीच उडतं. कशाने किती, ते मी सांगू शकत नाही."

डोकं दुखतं. झोप येते. दिसायला धूसर होतं. मी तिला रस्त्यात खोटारडी म्हटलं होतं.

मग फाईल उघडली. जागेपणीची तपासणी दर वर्षी ठरलेली होती. गेल्या दोन वर्षांत आम्ही आलोच नाही. दोन्ही वेळा मीच फोन करून पुढे ढकललं. एकदा दुकानात काम फार होतं. दुसऱ्यांदा तर काही कारणही नव्हतं. मला नुसता या इमारतीचा वास नको झाला होता.

"घरी तिला कुणी असं एका जागी बसवायचं का?" बाईंनी विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पिंपाच्या तोटीकडे बघत होता. "शाळेचा अभ्यास असतोच," म्हणाला.

मीही काही बोलले नाही.

शेवटी एकच विचारलं, "खूप घुसमटत असेल ना हो ती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "या मुलांना घुसमट जाणवतच नाही. म्हणून तर आम्ही त्यांना पोहायला सोडत नाही. पाण्याखालीसुद्धा कळत नाही त्यांना."

तेवढंच एक बरं. तिला कळत नव्हतं. आता तेवढंच धरून बसलेय.

मंगळवार, २५ मार्च

नवऱ्याला म्हटलं, "माझं नाव सांगितलं नाहीस, उपकार झाले."

म्हणाला, "तुझ्यासाठी नाही केलं. ती आत होती, दार उघडं होतं." मग जिन्यात थांबून म्हणाला, "आणि मी गप्प बसलो म्हणजे माफ केलं असं समजू नकोस. पण मीही चपला हातात घेऊन चालत होतोच की."

त्याच्यावर चिडायला मला काहीतरी हवं होतं. तेही ठेवलं नाही त्याने.

शनिवार, २९ मार्च

घरी आणलं. बरोबर कागदांची भेंडोळी. दिवसाही चिमटा, वाचताना, लिहिताना, चित्र काढताना. दर पाच मिनिटांनी उठायचं. शाळेने काय करायचं त्याचं वेगळं पत्र. पुढे बहुतेक छातीत श्वास चालवणारं एक यंत्र बसवतील, तेव्हा बघू म्हणाल्या.

मी ते टिकटिक घड्याळ फेकून दिलं. भिंगरी म्हणाली, "आता अंडी कशी उकडायची?" नवरा हसला. मी नाही हसले.

मंगळवार, १ एप्रिल

कामावर गेले. सकाळीच काच वाया घालवली, चौथी. दुपारी पाचवी. काकांनी चाक बंद केलं. "काय झालंय ते बोल," म्हणाले.

सांगितलं सगळं. मध्ये कुठे वगळलं नाही. वाटलं होतं, म्हणतील, तुला काय माहीत, तू भल्यासाठीच केलंस. लोक म्हणतातच तसं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, माझा भाऊ म्हणाला, अगदी वर्गबाईसुद्धा म्हणाल्या.

काका म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं, पोरीचा आजार काय म्हणून. एवढी वर्षं शेजारी बसतो आपण. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही." मग माझी वाया गेलेली काच उजेडात धरली. "ही लहान फ्रेमला चालेल. दे इकडे."

गुरुवार, ३ एप्रिल

वर्गबाई घरी आल्या. हातात पिशवी, डोळे सुजलेले. मी पाणी दिलं, बाकी काही दिलं नाही.

गणिताचा पेपर आणला होता. नियमाने देता येत नाही, तरी आणला. सतरा गणितं, सतराही बरोबर. आकडे सरळ रेषेत, कधी नव्हे इतके सुबक. अठराव्याला तीन आकडे मांडलेत, चौथा खाली घसरलाय, आणि तिथून पेन्सिलची एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलीय.

"मी मोजत बसले होते हो," बाई म्हणाल्या. "तासाला सेहेचाळीस वेळा. वहीत रेघा मारत होते. ती श्वास घेत होती आणि मी रेघा मारत होते."

रडायला लागल्या. मला त्यांचा हात धरता आला असता. नाही धरला. मनात म्हटलं, रडा, तुमच्या वाट्याचं तुम्ही रडा. माझं माझ्याकडे भरपूर आहे.

भिंगरी आतून आली, बोटाला चिमटा, बाईंच्या मांडीवरचा पेपर उलटा वाचत म्हणाली, "बाई, अठरावं मला येत होतं."

"येत होतं गं. मला माहितीय."

"मग जिन्याखालच्या खोलीत नाही ना जायचं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "हिला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. लोटलेल्या दारांतून सगळं ऐकू येतं तिला. "नाही जायचं," बाई म्हणाल्या. वर्ग तोच राहील. खिडकीजवळचा बाक. हवं तेव्हा उठायचं, गुणगुणायचं. शिपाईणबाई मधूनमधून चिमट्याचा आकडा बघून जातील, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. बाकी मुलांना काय सांगायचं ते बाई सांगतील.

जे मी फेब्रुवारीत मागत होते ते सगळं मिळालं.

शुक्रवार, ४ एप्रिल

नवऱ्याशी भांडण. दिवसाच्या चिमट्याची पट्टी कुणी आणायची, यावरून. मग अर्थातच सगळं त्याच्या आईपासून.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी तिचे केस विंचरत होते. मनाला तेवढाच एक दिलासा होता, तो पुन्हा एकदा हातात घेऊन बघावासा वाटला. म्हटलं, "टेबलाशी बसायचीस तेव्हा तुला काहीच कळायचं नाही ना गं?"

"कळायचं की. हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. मग सगळं लांब जायचं."

कंगवा तिथेच थांबला. "मग मान का नाही वर केलीस, बाळा?"

ती चिमट्याच्या दिव्याकडे बघत राहिली.

"मी खाली बघत असले की तू आणि बाबा भांडायचा नाहीत."